हळदीत गेलेल्या भुवया

लेकीच्या नणंदेला परवा माझ्याकडून भुवया भरायला शिकायचं होतं. लेकीने साखळीहून फोन केला. ‘आई, तुझ्यासारख्या दाट, पण रंगवल्यासारख्या न दिसणाऱ्या कशा करतात, ते तिला दाखवशील का गो?’ मी नाही म्हटलं. लेक म्हणाली, ‘तू अजून तेच धरून बसलीस.’ हो, बसले आहे. सोडायचं असतं तर तेव्हाच सोडलं असतं.

माझ्या भुवया मुळात आईच्या वळणाच्या होत्या, जाड आणि काळ्याभोर. नवरा डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा. एका उतारावर ट्रक उलटला आणि तो गेला. इब्रामपूरला सासरच्या घरी बायकांनी माझं कुंकू पुसलं, बांगड्या काढल्या. त्यानंतर काही महिन्यांत माझ्या भुवयांना चाई लागली. सकाळी तोंड धुताना हाताला केस यायचे. होता होता एक केस उरला नाही. डॉक्टर म्हणाला, धक्क्याने होतं असं, येतील परत. कसले येतात. थोरल्या जावेने मात्र निदान एका वाक्यात केलं, देवानेच पुसलं म्हणाली.

भुवया नसलेलं तोंड कसं दिसतं ते ज्याचं त्याला कळतं. मी रागावले तरी कुणाला समजत नसे. समोरचा माणूस माझ्या डोळ्यांत बघायचा सोडून वर कपाळाकडे बघायचा. बायका तुळशीला पाणी घालायला निघाल्या आणि मी समोर आले तर पुन्हा आत जायच्या. म्हणून मी एक दिवस काजळाने दोन रेघा ओढल्या. आरशात बघते तर दशावतारातली राणी. पुरुषाने लुगडं नेसावं तशी मी दिसत होते. मला माझंच हसू आलं आणि नेमकी तेव्हाच जाऊ आत आली. ‘घोव गेलो आणि हिका नटूक सुचता,’ असं ती मागच्या दारी जाऊन मोठ्याने बोलली, शेजारणींना ऐकू जाईल असं.

म्हणजे भुवया नाहीत तर मी अवलक्षणी आणि काढल्या तर नटवी. मग उरलं एकच. काढायच्या, पण काढल्यात हे कुणाला कळता कामा नये.

तेव्हा मी मांद्र्याला एका गेस्टहाऊसच्या रांधपघरात स्वयंपाकाच्या कामाला लागले होते. तिथे समुद्रावर लग्नं व्हायची आणि नवरीला सजवायला एक मुलगी यायची. नवरी सजवून झाली की माझ्याकडे चहा प्यायला बसायची. तिने एकदा माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं आणि विचारलं, ‘मावशी, शिकवू का?’ काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. तिने शिकवलं ते असं. रेघ ओढायची नाही, केस काढायचे. काळा रंग घ्यायचा नाही, तपकिरी घ्यायचा, आपल्या डोक्याच्या केसांपेक्षा थोडा फिका. नाकाकडच्या टोकाला केस उभे असतात, तिथे पेन्सिल वर न्यायची. मग हळूहळू आडवी करत कानाकडे निमुळती आणायची. दोन केसांमध्ये कातडी दिसली पाहिजे. सुरुवात फिकी ठेवायची, गडद करायचं ते मधे. वर तपकिरी पावडर लावायची आणि छोट्या ब्रशाने विंचरायचं, जणू खरेच केस आहेत. आणि दोन्ही अगदी सारख्या करायला जायचं नाही, देवाने कुणाच्या केलेल्या नाहीत.

‘घामाला टिकेल, पावसालाही टिकेल,’ ती म्हणाली, ‘पण तेलाचा हात लावू नका. तेलापुढे काही चालत नाही.’

ते तेवढं मी लक्षात ठेवलं. रोज पहाटे जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, उजेडात आरसा टांगून मी भुवया काढायची. लेक माझ्या शेजारी उभी राहून वेण्या घालायची. शाळेला निघताना माझ्या कपाळाला कपाळ टेकवायची ही तिची लहानपणची सवय. मी म्हणायची, हळू गो, पुसतील. मग ती हळूच टेकवायची. वर्षं गेली आणि माझा हात असा बसला की मी ‘हळू’ म्हणायचं सोडून दिलं. नव्या माणसांना तर संशयही यायचा नाही. मांद्र्याला एका पाहुणीने मला विचारलं होतं, तुम्ही भुवयांना कोणतं तेल लावता.

लेकीचं लग्न साखळीच्या दुकानदारांच्या घरात ठरलं. कन्यादान दीर आणि जाऊ करणार हे न सांगता ठरलेलं होतं. मी त्यावर तोंड उघडलं नाही. ओटी भरणं नको, ओवाळणं नको, सगळं त्यांना दिलं. मला एकच हवं होतं. अंतरपाट सरेल तेव्हा मी समोर असायला हवी होते. मागे खांबाला टेकून, इतर बोडक्या कपाळांच्या बायकांत नाही. समोर. तिला वाढवली मी. हे मी फक्त लेकीला सांगितलं आणि ती म्हणाली, ‘आई, तू समोर उभी नसलीस तर मी माळच घालायची नाही.’ त्या वाक्यावर मी लग्नाची सगळी कामं उपसली. जावेच्या टोमण्यांनाही हसून उत्तरं दिली.

लग्नाच्या सकाळी साखळीहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन लेकीची नणंद आणि चार सवाशिणी आल्या. खोबरेल तेलात कालवलेली हळद. लेक पाटावर बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मनात म्हटलं, विधवा असण्याचा एवढा एक फायदा, मला कुणी हळद फासायला येणार नाही, माझ्या भुवया सुखरूप.

आणि लेक पाटावरून उठली. ‘माझ्या आईला हळद लागल्याशिवाय मला लावायची नाही,’ म्हणाली. जाऊ म्हणाली, ‘अगो, बस खाली, तसं करत नाहीत.’ तिने ऐकलं नाही. दोन्ही हातांत हळद घेऊन ती सरळ माझ्याकडे आली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला आता लोक मूर्ख म्हणोत, मी डोळे मिटून घेतले. कुंकू पुसल्यापासून माझ्या कपाळाला कुणी शुभाचं बोट लावलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की तेलाचं मी विसरले. आणि ती? ती तर रोज बघत आलेली. पण बघून बघून तिला त्या भुवया खऱ्याच वाटायला लागल्या होत्या. इतक्या चांगल्या काढत होते मी.

डोळे उघडले तेव्हा ती स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती. पिवळ्यात तपकिरी कालवलेलं. तिची नणंद पुढे आली, माझ्याकडे बघितलं आणि प्रश्न लेकीला विचारला, मी तिथे नसल्यासारखा. ‘तुज्या आवयच्यो भुंवयो खंय गेल्यो?’ मग आवाज खाली घेऊन, पण मला ऐकू येईल असं, ‘हे घराण्यातलं नाही ना? पुढे पोरांना?’

लेक म्हणेल काहीतरी, असं मला वाटलं. बाप गेल्यावर झालं एवढं म्हणाली असती तरी पुरे होतं. ती लालबुंद झाली. घाईघाईने मला आत घेऊन आली, दार लोटलं आणि म्हणाली, ‘आई, पाहुणे असेपर्यंत आतच बस गो. बरं दिसत नाही.’

मी म्हटलं, ‘अगो, पुन्हा काढते की. कितीसा वेळ लागतो?’

‘आता त्यांनी बघितलं,’ ती म्हणाली. ‘तू समोर आलीस की सगळ्या तुझ्याच तोंडाकडे बघणार.’

‘मग मुहूर्ताला?’

‘काकी उभी राहील.’

त्याचं वाईट वाटलं असेल तिलाही, नाही असं नाही. पण दार तिनेच ओढून घेतलं. पांढऱ्या कपाळाच्या आईला हळद लावायची हिंमत तिच्यात होती. बिनभुवयांच्या आईला समोर उभी करायची नव्हती. जावेचा मला राग येत नाही, ती पहिल्यापासून तशीच. लेकीचा येतो.

मी साबणाने तोंड धुतलं, जनेलाशी आरसा धरला आणि भुवया काढल्या. एकेक केस. त्या दिवशीसारख्या भुवया मी पुन्हा कधी काढल्या नाहीत. बाहेर मंगलाष्टका चालल्या होत्या. जनेलातून मला मांडवातली जावेची हिरवी पाठ दिसत होती, मी जिथे उभी राहणार होते तिथेच. अंतरपाट सरला, ताशा वाजला. माझ्या मुठीतल्या अक्षता मी आरशापुढे ठेवून दिल्या.

निघताना लेक आत आली आणि गळ्यात पडून रडली. मीही रडले. दारात नणंद उभी राहून बघत होती. लेकीने सवयीने कपाळ पुढे आणलं, माझ्या कपाळाला टेकवायला, आणि मधेच थांबली. मान बाजूला वळवून गाल माझ्या खांद्यावर ठेवला, अगदी जपून, माझ्या भुवयांना धक्का लागू नये असा.

तेव्हापासून ती माहेरी येते, जेवते, नातवाला माझ्याकडे ठेवून बाजारात जाते. कपाळ काही टेकवत नाही.

नणंदेने शिकावं दुसऱ्या कुणाकडे.