एकोणिसाव्या भागातले सख्खे भाऊ

मी आयुष्यात एकदाच सेन्सॉर म्हणून काम केलं. एका शुक्रवारी, दुपारी दोन ते साडेचार, दोह्यात अल अझीझियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर. त्या अडीच तासांबद्दल मला जे वाटतं ते एकदाचं लिहून टाकतो, कारण घरात हा विषय काढला की सगळे हसतात आणि माझी कबुली अर्धवट राहते.

मी सेफ्टी ऑफिसर आहे. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये दिवसभर काय पडू शकतं, काय पेटू शकतं आणि काय कुणाच्या पायावर येऊ शकतं, याचा विचार करतो. पगार त्याचाच मिळतो. अडचण अशी की घरी आलो तरी डोकं तेच काम चालू ठेवतं (ओव्हरटाइम न मागता).

आमची सई सोळा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. माझी आई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आली, तेव्हा पहिले पंधरा दिवस दोघींचं बोलणं असं चालायचं :

"जेवलीस का गं?"

"येस, आजी."

"काय शिकवलं आज?"

"नथिंग मच."

आई मला स्वयंपाकघरात गाठून म्हणायची, "पोरगी गोड आहे रे. पण माझ्याच नातीशी बोलायला मला तू मध्ये लागतोस."

आणि मग एका शुक्रवारी दोघी सोफ्यावर एकाच शालीत (एसीमुळे) बसून एक चिनी मालिका बघताना सापडल्या. जुन्या काळातली गोष्ट. एक सेनापती, एक वैद्य, भरपूर धुकं, आणि पुरुषांचे केस इतके लांब की आईची पहिली शंका होती, "यांना तेल कोण लावून देतं?" पडद्याच्या तळाशी चक्क मराठी अक्षरं येत होती. ती सईने लिहिली होती. इंग्रजी ओळी समोर ठेवून ती आठवडाभर त्यांचं मराठी करायची आणि शब्द अडला की आजीकडे धावायची.

"आजी, समबडीची आठवण येते आणि पोटात असं असं होतं, त्याला काय म्हणतात?"

"हुरहुर."

"हाऊ टु राइट?"

आई हवेत बोटाने लिहून दाखवायची. माझ्या मुलीने स्वतःहून मराठी लिहिण्याची ती पहिलीच वेळ. एकूण प्रेक्षकसंख्या एक. मला खरं तर पेढे वाटायला हवे होते.

पण मी आठवा भाग बघायला बसलो. त्यात पावसात वैद्य सेनापतीच्या डोक्यावर छत्री धरतो आणि स्वतः भिजतो. सेनापती त्याच्याकडे बघतो. तो सेनापतीकडे बघतो. हे चार मिनिटं चालतं. माझ्या डोक्यात पिवळा दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी सईला ट्यूशनला सोडताना गाडीत विचारलं, "सई, ते दोघं एकमेकांचे नक्की कोण?"

ती म्हणाली, "प्रॉमिस कर, मध्ये पडणार नाहीस. अँड यू वोन्ट मेक इट वीअर्ड."

"प्रॉमिस."

मग तिने सांगितलं. मूळ कादंबरी इंटरनेटवरची, आणि तिच्यात त्या दोघांचं सरळसरळ प्रेम आहे. शेवटी लग्नसुद्धा करतात. पण तिकडे पडद्यावर असं काही दाखवायला बंदी. म्हणून मालिकावाल्यांनी दोघांना 'जिवलग मित्र' करून टाकलं. मिठी काढली, चुंबन काढलं, लग्न काढलं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत छत्री, औषधाची वाटी आणि नजर भरली. ज्यांना कळायचं त्यांना बरोबर कळतं. तरीही कधीकधी अख्खी मालिकाच गायब होते, मग ती दुसऱ्या देशातल्या ॲपवर वेगळ्याच नावाने उगवते, आणि जगभरातल्या मुली आपापल्या भाषेत ओळी लिहून ती पुढे पोचवतात.

"शब्द कट करता येतात, बाबा. नजर कशी कट करणार?"

"आजीला हे माहीत आहे?"

"मी काहीच नाही सांगितलं. तिला बघू दे ना. जस्ट लेट हर वॉच."

मी हो म्हणालो. इथे मी, दोह्यातले लोक म्हणतात तसं 'खलास', विषय संपला, म्हणून गाडी वळवून घरी आलो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती.

तीन आठवड्यांनी एका गुरुवारी आईला लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या पाटणकर वहिनी भेटल्या. रात्री जेवताना आई सहज म्हणाली, "उद्या सातला बोलावलंय त्या दोघांना. मालिका बघायला. धिरडी करते."

पाटणकर माझे मॅनेजर आहेत.

मी घास गिळला आणि डोक्यात लगेच अहवाल तयार झाला. पाटणकर मालिका बघणार, त्यांना सगळं कळणार (आणि असल्या प्रेमाला या देशातही कायद्याने बंदीच), ते ऑफिसात बोलणार, ऑफिस व्हिसावाल्यांशी बोलणार, आणि पंधरा दिवसांत आम्ही अकरा खोक्यांसकट नाशिकला. या साखळीतली एकही कडी मी तपासून पाहिली नाही. वर्कशॉपमध्ये असा अहवाल कुणी दिला असता, तर मी तो परत पाठवला असता. शिवाय ही मालिका चीनच्या कात्रीखालून सुखरूप बाहेर आलेली होती. जी गोष्ट त्यांना चालली, ती मला अल अझीझियात चालेना.

शुक्रवारी दुपारी माझी बायको मेधा, सई आणि आई सूक वाकिफच्या बाजारात केशर आणायला गेल्या. सईचा लॅपटॉप टेबलावरच होता. मराठी ओळींची फाइल साधी होती, कुणीही उघडून बदलावी अशी. एकोणिसाव्या भागात 'जिवलग' एक्केचाळीस वेळा होता.

आधी वाटलं, 'मित्र' करावं. पण मित्रात संशयाला जागा राहते. मग 'भाऊ'. पण भाऊ मानलेलाही असू शकतो. आमच्या कामात जिथे एक पट्टा पुरतो तिथे आम्ही दोन लावतो. मी लिहिलं, 'सख्खा भाऊ'. एक्केचाळीस ठिकाणी, हाताने, विभक्ती सांभाळून. सख्ख्या भावाला, सख्ख्या भावापाशी, सख्ख्या भावा. काम इतकं नेटकं झालं की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

भागाचा व्हिडिओ मात्र पाहिला नाही. तेवढा वेळ नव्हता.

सात वाजता पाटणकर पती-पत्नी आले. आईने गरम धिरडी वाढली, सईने लॅपटॉप टीव्हीला जोडला. पहिल्याच प्रसंगात सेनापती जखमी होऊन पडलेला, वैद्य त्याचं डोकं मांडीवर घेऊन औषध पाजतोय. तळाशी ओळ आली : "माझ्या सख्ख्या भावा, डोळे उघड."

आईचा हात ताटलीवरच थांबला. सई ताठ बसली.

"बघा, भावाभावांत किती माया," पाटणकर वहिनी म्हणाल्या. "नाहीतर आमच्याकडे."

"माझा भाऊ वाढदिवसाला मला अंगठा पाठवतो," पाटणकर म्हणाले. "नुसता अंगठा. शुभेच्छासुद्धा नाहीत."

मला हायसं वाटलं. मी दुसरं धिरडं घेतलं. ते पुरं खाऊन व्हायच्या आत सेनापतीची आई त्याच्यासाठी स्थळ घेऊन आली. सेनापतीने तिच्यासमोर गुडघे टेकले : "आई, मी लग्न करणार नाही. माझं मन माझ्या सख्ख्या भावाशी बांधलं गेलंय."

"म्हणजे?" वहिनी म्हणाल्या.

"कुटुंबवत्सल आहे तो," मी म्हणालो.

पडद्यावरच्या आईने विचारलं, "तो कुठल्या घराण्यातला, एवढं तरी सांग."

"सख्ख्या भावाचं घराणं आईला माहीत नाही?" पाटणकरांनी विचारलं.

"लहानपणी हरवला होता." माझ्या तोंडून गेलं. "जत्रेत."

"चीनमध्ये जत्रा भरते?"

"खूप मोठ्या भरतात."

स्वयंपाकघराच्या दारातून मेधा म्हणाली, "सुधीर, तुला कसं माहीत? तू तर ही मालिका बघत नाहीस."

मी पाणी प्यालो. पडद्यावर वैद्य आता सेनापतीचे केस विंचरत होता. सावकाश. कॅमेऱ्याला अजिबात घाई नव्हती. मग त्याने केसांत काटा खोचला आणि ओळ आली : "या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला सोसणार नाही, सख्ख्या भावा."

आता कुणीच खात नव्हतं. पाटणकरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. वहिनींनी पदर उगाचच खांद्यावर नीट केला. आणि इतक्यात ते दोघं पूर्वजांची नावं कोरलेल्या पाट्यांपुढे शेजारी शेजारी बसले, तीनदा वाकले, आणि वैद्य म्हणाला, "आजपासून तुझे आईवडील ते माझे आईवडील, सख्ख्या भावा."

"अहो, पण ते आधीपासूनच होते ना!" वहिनी जवळजवळ रडकुंडीला आल्या.

मी लॅपटॉप बंद करायला झेपावलो. जमिनीवर मोकळी वायर सोडू नये, हे मी वर्कशॉपमध्ये रोज सकाळी चाळीस माणसांना सांगतो. माझा पाय टीव्हीच्या वायरीत अडकला, लॅपटॉप चटणीच्या वाटीत उपडा पडला, आणि टीव्हीवरचं चित्र थिजलं. दोघांचं कपाळ कपाळाला टेकलेलं, डोळे मिटलेले. बेचाळीस इंचांवर.

शेवटी आई बोलली. "हे काय चाललंय? अठरा भाग मी बघितलेत. भाऊबिऊ कुणी नाही यांच्यात. दोघांचा एकमेकांवर जीव आहे, नवराबायकोचा असतो तसा. छत्री धरली तेव्हाच कळलं मला. आज हे सख्खे भाऊ आले कुठून?"

वहिनींनी मोठा श्वास सोडला. "असं होय. मग ठीक आहे. मला मेलं भलतंच वाटायला लागलं होतं."

"हां," पाटणकरांनी चष्मा परत घातला. "मग ते स्थळ नाकारण्याचं जुळतं."

ज्या वाक्याच्या भीतीने मी अडीच तास राबलो होतो, ते ऐकून खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एक सई सोडून.

"आय डिडन्ट राइट धिस." ती माझ्याकडे वळली. "बाबा?"

"मी फक्त खबरदारी म्हणून…"

"यू प्रॉमिस्ड."

तिने लॅपटॉप उचलला, बाहीने चटणी पुसली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. शनिवारी सकाळी तिने आजीला सांगितलं, "नो मोअर एपिसोड्स, आजी. सॉरी." सतरा भाग उरले होते, आईच्या परतीच्या तिकिटाला पाच आठवडे होते, आणि घरात पुन्हा 'येस आजी', 'नथिंग मच' सुरू झालं. ते मी केलं होतं.

रविवारी पाटणकरांनी केबिनमध्ये बोलावलं. "दार लावा," म्हणाले. मी दार लावलं आणि मनात पहिलं खोकं भरायला घेतलं.

"एक विचारायचं होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "त्या सेनापतीची आई शेवटी तयार होते का? मिसेस विचारत होती."

"पुढचे भाग आता येणार नाहीत, सर."

"का?" त्यांचा चेहरा पडला. मिसेससाठी म्हणून नव्हे, स्वतःसाठीच.

संध्याकाळी आई भाजी निवडत होती. मी शेजारी बसलो.

"तुझे वडील असेच," ती म्हणाली. "मी वाचू नये असं काही पेपरात आलं की तेवढं कात्रीने कापायचे, मग पेपर मला द्यायचे."

"मग?"

"मग काय. मी शेजारी सुमनकडे जाऊन तेवढंच वाचून यायची. बाकीचा पेपर कधी उघडलाच नाही."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला काय सांगायचं? कात्री तूच आणून द्यायचास."

मी उठलो आणि सईच्या दारावर टकटक केली. आत येऊ का, असं विचारलं (तेही बहुधा पहिल्यांदाच). म्हणालो, "मी घाबरलो होतो. तुझ्यामुळे नाही, मी तसाही घाबरलेलाच असतो. पण शब्द तुला दिला होता आणि मोडला मी. तू समोर बस, मी एक्केचाळीस ठिकाणी परत लिहितो."

मग तिने दुसरी खुर्ची पायाने पुढे ढकलली. मी टाइप करत होतो, ती बघत होती. बाराव्या ठिकाणी मी 'जिवलगाला' लिहिलं. तिने माझा हात बाजूला केला, ते खोडलं आणि 'जिवलगापाशी' केलं. पंधराव्या ठिकाणी लॅपटॉपच ओढून घेतला आणि हाक मारली, "आजी, जरा ये ना!" मला खुर्ची रिकामी करावी लागली. इतक्या आनंदाने मी कुठलीही जागा सोडलेली नाही.

पुढच्या शुक्रवारी पाटणकर पाच मिनिटं आधीच आले. दुरुस्त केलेला एकोणिसावा आणि पाठोपाठ विसावा, दोन्ही भाग कुणीही मध्ये न बोलता बघितले. वहिनींनी दोनदा डोळे पुसले, साहेबांनी एकदा (चष्म्याची काच पुसतोय असं दाखवत). विसावा संपला, पडदा काळा झाला, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत तीन नव्या ओळी आल्या :

अनुवाद : सई
शुद्धलेखन : आजी
व्यत्यय : बाबा

पाटणकरांनी त्या मोठ्याने वाचल्या. वहिनींना हसता हसता ठसका लागला. माझे साहेब रोज सकाळी ज्या टेबलापलीकडे बसतात, ते टेबल माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मी सईजवळ सरकून हळूच म्हणालो, "ती शेवटची ओळ तेवढी काढता येईल का?"

"बाबा," ती म्हणाली, आजीला आणि पाटणकरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, स्वच्छ मराठीत, "एवढं सगळं होऊनसुद्धा तुला अजून कापायचंच आहे?"

मी त्या वाक्यात चूक शोधली. एकही सापडली नाही.