भुताच्या साडीचा फॉल

भुताचे सिनेमे रात्री दिवे घालवून बघावेत असं लोक म्हणतात. माझं मत वेगळं आहे. ते दुपारी दोन ते चार बघावेत, दार सताड उघडं ठेवून, आणि शेजारी दंड धरायला कुणीतरी पाहिजे. एकटीनं बघितलेला सिनेमा निम्माच होतो.

माझा दंड धरायला समोरच्या घरातल्या भाभी यायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या आणि बोलायला मोकळ्या. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. गिऱ्हाईक आलं की साडी घ्यायची, कधी मिळेल ते सांगायचं, संपलं. त्याहून जास्त बोलायचं म्हटलं की मी सुईत दोरा ओवायला लागते. आमचे मालक शिरोलीच्या फौंड्रीतून दमून येतात आणि जेवून झोपतात. दिवसभरात मी जे काही मनमोकळं बोलायची ते त्या दोन तासांत, भाभींशी, आणि तेही भुतांबद्दल.

टीव्हीवर भूत शोधणाऱ्यांचे कार्यक्रम लागतात. त्यांच्याबद्दल आमचं एकमत होतं. चार माणसं कपाळाला बॅटऱ्या लावून पडक्या बंगल्यात शिरतात. जाहिराती लागायच्या जरा आधी हातातलं यंत्र टीं टीं करतं आणि एकजण ओरडतो, "कोण आहेस तू? हिंमत असेल तर समोर ये!"

भाभी चिडायच्या. "बघ की! दुसऱ्याच्या घरात घुसायचं आणि घरधन्यालाच इचारायचं, तू कोण म्हणून. ह्यास्नी रीतभात हाय का न्हाय?"

मला वाटतं, भूत समोर येत नाही ते याचमुळे. मी तर नीट बोलणाऱ्या माणसांसमोरही येत नाही.

सिनेमातली भुतं मात्र आम्हाला मनापासून आवडायची. मोबाईल शिलाई मशीनला टेकवून ठेवायचा आणि जवळजवळ बसायचं. भाभी पदर तोंडावर घेऊन एका डोळ्यानं बघायच्या, तोंडानं दुआ पुटपुटायच्या आणि भूत आलं की माझ्या दंडात बोटं रुतवायच्या.

मग माझ्या हातून एक चूक झाली. सिनेमात शंभर वर्षांपूर्वी विहिरीत पडलेली बाई पांढऱ्या साडीत तरंगत आली. तरंगत आली म्हणून साडीचा काठ आतल्या बाजूनं दिसला. माझ्या तोंडून निघून गेलं, "भाभी, हिनं फॉल लावून घेतलाय. आणि रंग बघा, मोतिया. पांढऱ्याला जुळत न्हाय."

भाभी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यानंतर आठवडाभर कुठलंही भूत आलं की त्या पदर बाजूला सारून वाकून काठच बघायच्या. "हिचं पिको बी झालंय गं!" मीही हसले. मग एक दिवस त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

समोर जाऊन विचारायला मला चार दिवस लागले. भाभी लसूण सोलत बसल्या होत्या.

"रागावलासा व्हय?" मी विचारलं.

"राग कशाचा? तू माझी भीतीच घालवलीस की. आता ती बया आली की मला तू मशीनवर बसलेली दिसतीस. भ्या वाटत न्हाय तर येऊन काय करू?"

मी घरी आले. दुपारी मशीनची खडखड तेवढी ऐकू येई. मग मी ठरवलं, साडी नसलेलं भूत शोधायचं. गाऊन घातलेली परदेशी भुतं बघितली, पण गाऊनची शिलाईही दिसतेच. बारा-तेरा सिनेमे अर्धवट सोडले. शेवटी हिंदीत बोलणारा एक परदेशी सिनेमा सापडला आणि सुरुवात बघूनच मी तो बंद केला. बाकीचा एकटीनं बघायची छाती झाली नाही. तशीच भाभींच्या दारात गेले.

"भाभी, सिनेमा सापडलाय. ह्यात भूत दिसतच न्हाय."

"मग भ्यायचं कशाला?"

"चला तर खरं."

सिनेमात घरात एकटा राहणारा म्हातारा. रोज सकाळी उठतो तर शेजारच्या गादीवर कुणीतरी झोपून उठल्यासारखा खड्डा. एवढंच. भाभी आधी तंगड्या पसरून बसल्या होत्या. मग त्यांनी पाय जवळ घेतले. मग पदर तोंडावर आला. शेवटी म्हातारा जागा असताना, त्याच्या डोळ्यांदेखत तो खड्डा हळूहळू पडायला लागला आणि माझ्या दंडात पाचही बोटं रुतली. मीही त्यांचा हात घट्ट धरला.

सिनेमा संपला तेव्हा चार वाजले होते. बाहेर लख्ख ऊन. भाभी उठेनात.

"चल की जरा सोडायला."

मी त्यांना दारापर्यंत सोडलं. पण माझ्या घरातली गादी अंथरलेलीच होती, हे मला तिथं आठवलं. "आता मी एकटी कशी जाऊ?" भाभी मला सोडायला आल्या. मग त्यांना जाववेना. बोळातून जाणारा भाजीवाला आमची तिसरी फेरी बघून थांबला.

"काय हरवलंय व्हय, मावशी?"

"जा रं तू, फुडं हो!" भाभी म्हणाल्या. शेवटी बोळाच्या मधोमध उभं राहून तीन म्हटलं की दोघींनी एकदम पळायचं ठरलं. भाभी दोनलाच पळाल्या आणि आतनं कडी लावून ओरडल्या, "उद्या दोनला येती! असलाच काढून ठेव!"