गुणाबाईचे हात

शेणवे गावात कोणी बाळंत झाली की तेल लावायला गुणाबाईच. पण ती आधी माणसाला उजेडात बसवून कातडी बघायची. खरूज, गजकर्ण दिसलं की फटकारायची, "डाक्टरकडं जा. चोळून पसरवायचंय का?" माणसं रुसायची, ती बधायची नाही.

यंदा तिच्याच लेकीला, रुपालीला मुलगी झाली. नातीला तेल लावायला गुणाबाईने बांगड्या मागे सारल्या आणि थबकली. मनगटावर गोल, लाल चट्टा होता. भाताच्या लावणीपासून खाजत होतं. पण आजवर लोकांचीच कातडी बघितली, स्वतःची बघायची राहिली.

"लाव ना गो आये, आपलीच पोर," रुपाली म्हणाली.

"असा चट्टा असता तर दुसरीला मी उंबऱ्यातून परत पाठवली असती."

तिने तेलाची वाटी शेजारच्या भिमीकडे सरकवली. मग दोन्ही हात पदराखाली घेऊन, कसं चोळायचं ते लांबूनच सांगत राहिली.