मोटर गरम लागली की

मामा गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही, मीच फोन करून ती मागवून घेतली... आणि तीही भांडत. सव्वा महिन्यापूर्वीची सकाळ. मी विहिरीवर उभा, उसाला पाणी चालू, आणि मामांनी चारच दिवसांपूर्वी भरून दिलेली मोटर चांगलीच तापलेली. फोन उचलल्याबरोबर मी सुरू झालो, "मामा, मोटर गरम होतेय. पुन्हा कविता केलीत ना?" पलीकडं मामी होती. म्हणाली, "झोपंतच गेले रे हे... आन् काय म्हनतोस, मोटर गरम झाली?"

पाटसला हायवेच्या कडेला मामांचं मोटरी भरायचं दुकान. जळालेली मोटर उघडायची, जुनी तार काढायची, खाचांमध्ये जाड कागदाच्या पट्ट्या बसवायच्या आणि त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे मोजून भरायचे. मोजता मोजता मामांना कविता सुचायची. पेन्सिल कानावर, हाताशी कागद तोच. दोन ओळी पट्टीवर लिहायच्या, तोवर वेढे कितीवर होते ते विसरायचं, अंदाजानं पुढं मोजायचं, आणि पट्टी घरी वहीत उतरवायला खिशात टाकायच्या ऐवजी सवयीनं खाचेत बसवून मोकळं व्हायचं! कविता लांबली की वेढे कमी पडतात आणि वेढे कमी पडले की मोटर तापते, हे आसपासच्या शेतकऱ्यांना पाठ झालं होतं. "आप्पा, गरम व्हती. कविता केली जनू?" असं विचारतच ते आत यायचे. मामा हसत पुन्हा भरून द्यायचे.

एकदा एक मोटर पार जळून आली. उघडली तर आत पट्टी निम्मी काळी. मामांनी चष्मा पुसून वाचली...

ऊस तुटला आन्
पलीकडचं घर दिसाय लागलं
यवढ्या जवळ व्हतं...

पुढचं जळालेलं. मोटरीचा मालक पाणी विसरून तिथंच उकिडवा बसला. "पुढं काय व्हतं, आप्पा?"

"याद न्हाई गड्या."

आतून मामीचा आवाज आला, "घर कुनाचं ते सांगनारी ओळच बरी जळाली!"

त्या काळात मीही स्वतःला कवी समजायचो. रांजणगावच्या कंपनीत क्वालिटीला होतो, पण सुट्टीला डायरी, शाईचं पेन आणि चहाचा थर्मास घेऊन शिरूरला घोडनदीच्या काठी प्रेरणेची वाट बघत बसायचो. खळाळत्या प्रवाहावर चार पानं झाली. मामांनी ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "घोडला पाणी कवा सोडलं?" तेव्हा पात्रात नुसत्या वेड्या बाभळी होत्या.

"मग कविता येते तरी कुठून?" मी चिडलो. मामांनी बोटानं थांब म्हटलं, वेढ्यांचा आकडा गाठला आणि म्हणाले, "डोकं मोजन्यात गुतलं की ती मागच्या दारानं येती. वाट बघत बसलं की लाजती." दुसऱ्याच दिवशी शिफ्टला मी बोल्ट मोजत प्रयोग केला. कविता आली नाही, मेमो आला.

मामांची वही आता माझ्याकडं आहे. शेवटचं पान कोरं, आणि त्यांनी भरलेली शेवटची मोटर माझीच. म्हणजे त्यांची शेवटची कविता माझ्याच विहिरीवर, मोटरीच्या पोटात. मोटर उघडावी तर त्यांच्या हातचे शेवटचे वेढे कापावे लागणार, न उघडावी तर ती एक दिवस कवितेसकट जळणार... मला काही ठरवता येईना. अर्धा तास पाणी द्यायचं, मग मोटर बंद करून तिच्यावर ओलं पोतं टाकायचं, असं नुसतं चाललं होतं.

परवा मामी शेतावर आली. मी पान्हे काढूनच ठेवले होते. मोटर बंद केली, पोतं टाकणार तोच ती म्हणाली, "थांब." आणि ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा तिनं मोटरीवर तळहात ठेवला.

"उघडू का, मामी?"

"कशाला? जळंल तवा निम्मी तरी वाचू. घाई काय हाय?"

हात मात्र तिनं काढला नाही. मग स्वतःशीच हसली.

"चांगली लांबलचक केलीया ह्या येळंला."