सरांचं मिटल्या तोंडाचं हसणं

डहाणूपासून तलासरीपर्यंत हसणारे लाखभर असतील, पण हसण्याची प्रतवारी करणारा माणूस एकच : मसोलीतले आमचे शेजारी, इंग्रजीचे निवृत्त सर. वाडीत चिकू निवडावेत तसं ते लोकांचं हसणं निवडतात. ‘गिगल’ म्हणजे पोरासोरांचं खिदळणं, कोवळा माल. ‘स्निकर’ किडका, दुसऱ्याला खाली बघायला लावणारा, टाकून द्या. आणि ‘चकल’ पेटीत वरच्या थराला लावायचं : तोंड मिटलेलं, आवाज पोटात, आपलंच काही आठवून हसायचं, कुणाला दुखवायचं नाही. हे सगळं प्रात्यक्षिकासह. एकदा रेशनच्या रांगेत समजावत बसले, तर दुकान बंद झालं तरी रांग हलेना. सरावलीचे दोन म्हातारे अजून तिथेच असावेत, असा माझा संशय आहे.

काकू गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. लेकीचं तलासरीला जमत आलं, तेव्हा बोलणी करायला सर माझ्या स्कूटरवरून निघाले. लेक मला हळूच म्हणाली, “काका, बाबांना तिथे शिकवू देऊ नका. मला ते घर आवडलंय.”

मुलाच्या आत्याबाईंचा दरारा असा, की भिंतीवरची पालसुद्धा परवानगी घेऊन हलत होती. त्यांनी विचारलं, “पोरीला तांदळाची भाकरी येते ना?” आणि सरांचे खांदे हलायला लागले. तोंड मिटलेलं, पोट उडतंय. मुलाचे वडील खुर्चीत ताठ झाले. आत्याबाईंनी बशी खाली ठेवली.

“हसता कोणाला, मास्तर?”

सर उभे राहिले. “बाई, हे स्निकर नाही, चकल आहे.”

झालं, मी मनात म्हटलं, मोडलं लग्न.

“चकल दुसऱ्याला करत नाहीत. माझं मलाच हसू आलं. भाकऱ्या घरी मी करतो. हिची आई आजारी पडली तेव्हा शिकलो. पोरीचा अभ्यास बुडू नये म्हणून तिला गॅसजवळ येऊच दिलं नाही. तिला येत नाही भाकरी. खोटं कशाला सांगू?”

आत्याबाई बराच वेळ सरांच्या हातांकडे बघत राहिल्या. मग पदराआड त्यांचं पोट हललं.

“साखरपुड्याला येताना दहा भाकऱ्या करून आणा, मास्तर. तुमचा हात बघू.”

परतताना मी एकटाच बडबडत होतो. विवळवेढ्याला देवीला हात जोडायला थांबलो, तेव्हा सर पहिल्यांदा बोलले.

“एका माणसाला पीठ किती घ्यायचं रे?”

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. “दोघांचं घ्या,” मी म्हटलं. “मी येतो जेवायला.”