धुतलेली वांगी

मी आयुष्यभर कारकून राहिलो आणि तोही स्वतःच्या हट्टाने. हे सांगताना माझी मान जराही खाली जात नाही.

चोपड्याच्या कचेरीत मी शेतकऱ्यांचे पाणीअर्ज घ्यायचो, नोंदवायचो आणि साहेबांसमोर ठेवायचो. रब्बीची धांदल सोडली तर दुपारपर्यंत टेबल मोकळं. घर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जेवायला तव्यावरची भाकरी. संध्याकाळी शिंपी मित्राच्या दुकानातल्या बाकावर गप्पा. आणि थंडी पडली की दर रविवारी दुसऱ्या एका मित्राच्या केळीच्या मळ्यात भरीत. यापेक्षा जास्त काय मागायचं असतं, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

भरिताची कामं वाटलेली होती. मळेवाला हिरवी, वजनाला हलकी वांगी निवडून आणायचा. शिंपी मिरची-लसूण ठेचायचा, सुईच्या कामाइतकाच मन लावून. भाजणं माझ्याकडे. वांग्याला टोचे मारून तेलाचं बोट फिरवायचं आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर ते आतपर्यंत शिजवायचं. तालुक्यात माझ्यासारखं वांगं कुणी भाजत नव्हतं. उगाच नम्रपणा कशाला? ही कला मला थोरल्या भावाने शिकवली होती. मी सहावीत असताना, आमच्याच शेताच्या बांधावर.

थोरला पुढे पुण्याला गेला, कंपनीत एकेक पायरी चढत मोठा साहेब झाला. नव्वदच्या आसपास मला बढतीचा कागद आला, नाशिकला बदलीसह. हो की नाही, ते सोमवारी लेखी द्यायचं होतं. बायको म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा, मी दोन्हीकडे भाकरीच करणार आहे." माझं मन कधीच ठरलं होतं, पण वडिलांच्या माघारी थोरल्याचा शब्द मी कधी मोडला नव्हता. आणि तो शनिवारीच येऊन थडकला. खिशात माझ्या होकाराचं पत्र, त्याच्या सुरेख अक्षरात लिहून तयार. खाली फक्त माझी सही हवी.

"दोन मित्र आणि एक बाक, एवढ्यावर जन्म काढणार का तू?" त्याने रात्रीच्या जेवणाआधीच सुरुवात केली. मला राग असा आला होता की ताटातला कांदा मी जरा जास्तच जोरात फोडला.

रविवारी त्यालाही मळ्यात नेलं. मी भाजलेली वांगी घमेल्यात झाकून ठेवली आणि पत्रावळी धुऊन आणायला विहिरीकडे गेलो. परत येऊन बघतो तर थोरला बाह्या सरसावून बसलेला, पुढ्यात पाण्याची बादली, आणि तो एकेक वांगं पाण्यात बुडवून भराभर साल काढतोय. सहा वांगी धुऊन स्वच्छ! बादलीतलं पाणी काळं झालं होतं. वांग्याचा सगळा धूर, सगळी चव त्या पाण्यात गेली होती. आमच्याकडे फार तर बोटं ओली करतात, वांगं धूत नाहीत. शिंप्याने ठेचणं थांबवलं. मळेवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, हाई काय कयं?"

थोरल्याने आमच्या तोंडांकडे पाहिलं, मग बादलीकडे. त्याचा चेहरा पार उतरला. "घरी नळाखालीच सोलतात रे," तो पुटपुटला आणि मग पुण्यात कधी न बोललेल्या बोलीत म्हणाला, "मी इसरी गऊ." विसरूनच गेला होता तो.

कुणी हसलं नाही. माझ्या मित्रांचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. मळेवाल्याने ती सहा वांगी वेगळी ठेवली, बाकीची आम्ही कोरडीच सोलून लाकडी बडगीत ठेचली. वर मिरची-लसणाची फोडणी, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. थोरल्याने आधी हट्टाने आपल्या धुतलेल्या वांग्यांतलं एक मीठ लावून खाल्लं, नंतर आमचं भरीत. दुसऱ्या घासाला तो थांबला. डोळे पुसून म्हणाला, मिरची तिखट आहे. मिरची तशी तिखट होतीच. मग त्याने चार वेळा भरीत मागून घेतलं आणि शिंप्याशी शाळेतल्या मास्तरांवरून इतका हसला की त्याला ठसका लागला.

ऊन कलल्यावर त्याने खिशातून ते पत्र काढलं. मला वाटलं, आता सही मागतो. त्याने पेन उघडलं, कागद उलटा करून मांडीवर ठेवला आणि मान वर न करता विचारलं, "बढती नको असली की अर्जात कारण काय लिहितात?"

"घरगुती अडचण," मी म्हणालो.

"अडचण कसली?" असं म्हणत त्याने एक ओळ लिहिली आणि कागद माझ्यापुढे धरला. 'मी येथे सुखात आहे, सबब बढती नको.'

सोमवारी साहेबांनी तो कागद वाचून चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत राहिले. अक्षर थोरल्याचं होतं. खाली सही माझी होती, चांगली ठसठशीत.