म्हातारीच्या भिंतीवरचं सिमेंट

बायको जाऊन चौदा महिने झाले. ती बोलायची तेव्हा मी अर्धं ऐकायचो. आता उरलेलं अर्धं कुठून आणू? शाळा चौथीपर्यंत झाली, म्हणून जसं येतं तसं लिहितो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी दुबईत गवंडी, अल क्वोजच्या मजुरांच्या कॅम्पात एका खोलीत आठ जण. बायको उत्तरेला, तासाभरावर, खाडीकाठच्या गावात एका अरब म्हातारीकडं घरकामाला. मुलूख एकच, पण नवराबायकोची भेट शुक्रवारी, तीही म्हातारीच्या अंगणात. तिकडच्या रीतीनं बायको मालकिणीला 'मामा', म्हणजे आई, म्हणायची. मी म्हणायचो, बाईला मामा म्हणतेस, उद्या मला आत्या म्हणशील.

म्हातारीला हिंदी यायचं. तिचा नवरा मोती विकायला मुंबईला जायचा, आणि तिच्या तरुणपणी अरबांच्या त्या किनाऱ्यावरही आपलाच रुपया चालायचा. मासे साफ करताना ती सांगायची. तिच्या आजाच्या आधी इंग्रजांची जहाजं आली, किनाऱ्यावरची गलबतं जाळली, घरं जाळली, मग शेखांच्या सह्या घेतल्या. तेव्हापासून पाणी इंग्रजांचं, वाळू यांची. तिचा बाप मोत्यांसाठी बुड्या मारायचा. मग जपान्यांनी मोती पिकवायला घेतले आणि इकडं घरोघर उपास. टोळ भाजून खाल्ले म्हणायची. पुढं तेल निघालं, इंग्रज गेले, नवा झेंडा आला, सिमेंट आलं. सिमेंटबरोबर माझ्यासारखे आले.

घर तिच्या आजानं बांधलेलं. समुद्रातून काढलेला भोकाभोकाचा दगड, वर चुना. खाऱ्या हवेनं भिंतीचं पीठ गळायचं. बायको म्हणाली, नवरा गवंडी असून काय उपयोग? मला ते लागलं. चार शुक्रवार घालवून समोरची भिंत सिमेंटनं गुळगुळीत केली. म्हातारीनं मासेभात वाढला. मी फुगलो.

दोन वर्षांनी बलदिया, म्हणजे तिथली नगरपालिका, खाडीकाठ मोकळा करायला निघाली. जुनी दगडी घरं ठेवायची, बाकी पाडायची. मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, एक इंजिनिअर आला, सिमेंट बघितलं, लाल फुली मारून गेला. बायकोचा कॅम्पात फोन आला. "अहो, उद्या सकाळी मशीन येतंय. तुमच्या गिलाव्यानं घर मारलं."

ड्यूटी बुडवून पहाटेच्या टॅक्सीनं गेलो. घर पाडायचा शॉवेल दारात उभा, इंजिन चालू. इंजिनिअरला मोडक्या हिंदीत सांगितलं, साहेब, आत जुना दगड आहे, हे वरचं पाप माझं. तो म्हणाला, दाखव. दुपारच्या बांगेपर्यंत वेळ, मग खलास.

बोलायला सोपं. सिमेंट कडक, आतला दगड बिस्किटासारखा. ओढलं की दगड त्याच्याबरोबर येतो. शिवाय दोन वर्षं ओल आत कोंडलेली. आणि म्हातारी त्याच भिंतीमागच्या खोलीत बसलेली, निघायला तयार नाही. मी बायकोला बाहेर बोलावलं. ती दारात आली, पदर खोचलेला.

"ती उठत नाही, आणि मी तिला सोडत नाही. तुम्ही चुकलात तर आम्ही दोघी आत आहोत, एवढं ध्यानात ठेवून मारा."

आणि आत गेली.

वरून सुरुवात केली. छिन्नी आडवी धरून सिमेंटच्या चौकटी कापल्या. पहिली चौकट निघाली ती दगडाचं तोंड घेऊनच, मागून साखरेसारखी वाळू सांडली. भिंतीत चीर पडली, वाशापर्यंत गेली. इंजिनिअर ओरडला, बस. शॉवेलवाल्यानं मशीन एक हात पुढं घेतलं. मी त्याच्याकडं पाठ केली आणि चिरेपासून दूर, दाराच्या बाजूला दुसरी चौकट कापली. हातोडा टाकून छिन्नी नुसत्या तळव्यानं ठोकली. आतून बायको काहीतरी सांगत होती, म्हातारी हुंकार देत होती.

चौकट अख्खी सुटली. आत चुना होता, पांढरा, त्यावर कुणाची तरी चार बोटं उमटलेली. खाली दगडात शिंपले. इंजिनिअर जवळ आला, आपली बोटं त्या बोटांत ठेवली. मग हातानं मशीनला मागं जायची खूण केली. मी तिथंच खाली बसलो.

घर वाचलं. महिन्याभरात पाटी लागली की ही जुनी वास्तू, इथं राहायला मनाई. म्हातारीला लेक आपल्या नव्या बंगल्यात घेऊन गेला. त्याच्याकडं फिलिपिनी बाई आधीच होती. माझ्या बायकोचा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर मी तिला विचारलं, पडू दिलं असतं तर बरं झालं असतं का?

"पडलं असतं तरी मी गावी परत गेलेच असते," ती म्हणाली. "तिला बघायला घर तरी राहिलं."

म्हातारी ते बघायला पुन्हा आली की नाही, मला माहीत नाही. मी आणखी सात वर्षं तिकडं होतो. एका शुक्रवारी ते घर बघायला गेलो, त्याचं म्युझियम झालेलं. भिंतीला आता नीट चुना लावलेला. आतल्या खोलीत एक बाहुली बसवलेली, माणसाएवढी, तोंडावर बुरखा, पुढ्यात मासे. बाजूला पाटीवर या किनाऱ्याचा इतिहास, अरबीत आणि इंग्रजीत. मला वाचता येईना, म्हणून पहाऱ्यावरच्या केरळी पोराला विचारलं की काय लिहिलंय. त्यानं सांगितलं : जहाजं, सह्या, मोती, उपास, तेल. सगळं बरोबर होतं. मी बाहुलीच्या शेजारी बघितलं, जिथं माझी बायको बसायची. तिथं दोरी बांधलेली होती, लोकांनी पुढं जाऊ नये म्हणून.